दंडाची लिफ्ट शस्त्रक्रिया (दंडाची सैल कातडी काढून तो घट्ट करणं) झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात काखेजवळ टाका उघडला आहे, साधारण एक सेंटीमीटर. पुन्हा शिवावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. एवढी जखम उघडीच ठेवून तळापासून भरू देतात, कारण उशिरा उघडलेली जखम पुन्हा शिवली तर आत जंतू कोंडले जाण्याची भीती असते. तरी सर्जनला आजच फोटो पाठवा. काखेत ताण, घाम आणि घर्षण तिन्ही असतात, म्हणून टाके तिथेच जास्त सुटतात. त्यांनी घरी ड्रेसिंग करायला सांगितलं, तर हात साबणाने धुऊन जखम सलाईनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) धुवा, कडा हलकेच टिपा, वर पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळी) आणि कोरडं गॉज ठेवा. दिवसातून एकदा बदला, भिजलं तर लगेच. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, हळद अजिबात नको: पेरॉक्साइड आणि डेटॉल नव्या पेशीच मारतात, हळदीची पूड निर्जंतुक नसते. विरघळणाऱ्या टाक्याचं टोक दिसलं तर ओढू नका. कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, वजन उचलू नका, तंबाखू पूर्ण बंद. प्रेशर स्लीव्ह (दंडावरची घट्ट बाही) घालायची की काही दिवस काढायची, हे त्यांनाच विचारा. भरायला काही आठवडे लागतात.

पू, दुर्गंधी, पसरणारी लाली, ३८ अंश सेल्सिअसवर ताप किंवा वाढत जाणारं भोक असेल, तर मात्र घरी थांबू नका. मधुमेह असेल तर एवढ्या जखमेसाठीही प्रत्यक्ष तपासून घ्या.