मायक्रोवेव्ह घरी वापरताना काय काळजी घ्यायची? त्यातून किरणं बाहेर येतात हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की नवीन २३ लिटरचा कन्व्हेक्शनवाला (म्हणजे ओव्हनसारखा हिटर-पंखाही असलेला) घेतलाय, दुपारी घरी आई एकटीच असते आणि "त्यातून किरणं येतात" म्हणून ती त्याला हातच लावत नाही, गारच जेवते. आणि भांडी कोणती चालतात, साफ कसा करायचा हेही विचारलंय. आमच्याकडे डोंबिवलीला १६ वर्षं झाली मायक्रोवेव्ह वापरतोय, सध्याचा दुसरा आहे. मी इंजिनियर वगैरे नाही, पण इतक्या वर्षांत घरात जे जे फुटलं, जळलं आणि भाजलं त्यातलं एकही किरणांमुळे नव्हतं, तेव्हा आईंची भीती चुकीच्या जागी आहे एवढं नक्की सांगू शकते. घाबरण्यासारख्या जागा वेगळ्याच आहेत.

तरी आधी किरणांचं संपवते. एक्स-रेशी याचा काही संबंध नाही. ही रेडिओ आणि वायफायच्या जातीची लहर आहे, २४५० मेगाहर्ट्झची, आणि ही एक लहर साधारण १२ सेंटीमीटर लांब असते. दाराच्या काचेत ती काळी जाळी दिसते ना, तिची भोकं जेमतेम एक-दीड मिलिमीटरची, त्यातून उजेड बाहेर येतो म्हणून आपल्याला आतली वाटी दिसते, पण ही लांबलचक लहर काही त्यातून निघत नाही. दार उघडलं की खटक्यातल्या स्विचमुळे मशीन त्याच क्षणी बंद. आत काही साठून राहत नाही, दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसंच. जेवणातही काही उरत नाही, मुख्यतः त्यातलं पाणी तापतं एवढंच. गळती थोडीशी असते, नाही असं नाही, पण कायद्याची मर्यादा ५ सेंटीमीटर अंतरावर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉट इतकीच आहे आणि अंतर वाढलं की ती झपाट्याने कमी होते. आमच्याकडे मायक्रोवेव्ह चालू असला की हॉलमधला वायफाय कधीकधी अडखळतो, मुलगा ओरडतो, ती हीच एवढीशी गळती, कारण दोघांची फ्रीक्वेन्सी जवळजवळ तीच. आईंना सांगा बटण दाबून दोन पावलं मागे उभ्या राहा, झालं.

फक्त दार जपायचं. आमच्या पहिल्या मायक्रोवेव्हच्या दाराला माझ्या सासूबाई हात पुसायचा नॅपकिन अडकवायच्या आणि मुलगा लहान असताना उघड्या दाराला लोंबकळायचा, त्यामुळे बिजागरी थोडी खाली आली होती. दार वाकडं झालं, नीट लागत नाही, खट्ट आवाज येत नाही, काच तडकली, असं काही असेल तर दुरुस्त होईपर्यंत वापरायचाच नाही, तिथे "अजून चालतोय की" नको. आणि तो एक व्हिडिओ फिरत असतो ना, आत मोबाईल ठेवून रिंग वाजते का बघा, वाजली तर गळतोय, त्याच्या नादी लागू नका. मोबाईलला अगदी कणभर सिग्नल पुरतो, चांगल्या मशीनमध्येही वाजू शकतो, आणि चुकून कोणी स्टार्ट दाबलं तर मोबाईल गेला.

आता खरं घाबरायचं ते साध्या पाण्याला. आमच्या बाबांनी एकदा चकचकीत काचेच्या मगात पाणी ठेवलं तीन मिनिटं, बाहेर काढलं तर बुडबुडा नाही की काही नाही, त्यांना वाटलं तापलंच नाही, म्हणून पुन्हा दोन मिनिटं ठेवलं. नंतर तो मग ओट्यावर ठेवून चमचाभर कॉफी टाकली आणि ते पाणी सगळंच्या सगळं उसळून वर आलं, मनगटापासून बोटांपर्यंत हात भाजला, पंधरा दिवस पट्टी होती. गॅसवर पाणी उकळताना बुडाशी बुडबुडे धरतात आणि सुटतात, आपल्याला कळतं. गुळगुळीत मगात बुडबुडा धरायला जागाच नसते, त्यामुळे पाणी १०० डिग्रीच्या वर जाऊनही शांत दिसतं, आणि चमचा, साखर, कॉफी काहीही आत गेलं की एकदम उसळतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की मगात आधीच लाकडी चमचा किंवा आइस्क्रीमची काडी टाकायची, एका कपाला दीड मिनिटाच्या वर लावायचं नाही, झाल्यावर अर्धा मिनिट हात लावायचा नाही, आणि एकदा तापवलेलं पाणी तसंच परत तापवायचं नाही. चहा तर गॅसवरच, तो काही मायक्रोवेव्हचा विषय नाही.

दुसरं अंडं. सालासकट तर कधीच नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा गरम करायला ठेवू नका, ते आत शांत राहतं आणि दाताखाली फुटतं. गंमत म्हणजे हे यंत्र निघालं तेव्हापासूनचा हा किस्सा आहे, १९४५ मध्ये अमेरिकेत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर (लहरी तयार करणारा भाग, मायक्रोवेव्हमध्येही तोच असतो) काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि मग त्यांनी अंडं ठेवून बघितलं तर ते बघणाऱ्याच्या तोंडावर फुटलं असं सांगतात. बटाटा, रताळं ठेवताना काट्याने चार भोकं पाडा, कारण तेच, वाफ कोंडते. आणि आपल्याकडचं सांगायचं तर उकडीचे मोदक आणि पुरणपोळी. बाहेरची पारी कोमट लागते आणि आत गुळाचं सारण उकळतं असतं, साखर-गूळ फार पटकन तापतो. माझी जीभ सोलवटलीय गणपतीत, म्हणून सांगते. मोदक ओल्या फडक्यात झाकून वीस-पंचवीस सेकंद, मग मिनिटभर थांबा, मग मोडून बघून खा. बाळाचं दूध बाटलीतून तापवूच नका, बाटली हाताला कोमट आणि मध्ये चटका बसेल असं दूध असतं, ते गरम पाण्यात बाटली ठेवूनच कोमट करावं.

भांड्यांचं सोपं आहे तसं. जाड बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच आणि साधी, नक्षी नसलेली चिनी माती, या दोनवर माझं ९० टक्के काम होतं. स्टीलचा डबा नको, कारण लहरी धातूत शिरत नाहीत, त्यामुळे अन्न गारच राहतं आणि कडांवर ठिणग्या उडतात. चुकून ठेवला गेला तर घाबरून जाऊ नका, लगेच बंद करा, पाच सेकंदात काही स्फोट होत नाही. पण धातू कुठेकुठे लपलेला असतो बघा: कपाची सोनेरी कड, टी-बॅगची पिन, पार्सलच्या पिशवीची स्टेपलर पिन, फॉइल, आणि मिठाईचा वर्ख! सासूबाईंनी फ्रीजमधले कडक झालेले वर्खाचे पेढे मऊ करायला ठेवले आणि आत निळ्या ठिणग्यांची दिवाळी सुरू झाली, पेढ्यांवर काळे ठिपके, आणि त्या लांबून ओरडतायत "बंद कर गं, बंद कर". वर्खाचे पेढे, काजूकतली बाहेर काढून ठेवा, आपोआप मऊ होते. न तुटणाऱ्या मेलामाइनच्या प्लेट्सही नकोत, त्या स्वतःच तापतात आणि तडकतात.

प्लास्टिकबद्दल माझं मत जरा कडक आहे. डब्यावर मायक्रोवेव्ह सेफ लिहिलंय म्हणजे डबा वितळणार नाही एवढाच त्याचा अर्थ घ्या. रश्शातलं पाणी साधारण १०० डिग्रीला थांबतं, तेल नाही. मिसळीचा रस्सा असल्या डब्यात गरम केला तर वर जी तर्री येते तिच्या रेषेवर डब्याला आतून नारिंगी कडं पडतं, नखाने चाचपून बघा, तिथे प्लास्टिक खरखरीत झालेलं असतं, बारीक बारीक खड्डे. ते प्लास्टिक कुठे गेलं? म्हणून मी हॉटेलच्या पार्सलचे डबे आणि आइस्क्रीमचे डबे तापवत नाही, वाटीत काढते, दहा सेकंदांचं काम आहे. आणि झाकण घट्ट लावून काही ठेवू नका, उलटी प्लेट किंवा जाळीचं झाकण पुरे.

कन्व्हेक्शनचं लक्षात ठेवा, त्यात स्टील-ॲल्युमिनियमचा केकचा टिन चालतो कारण तेव्हा हिटर आणि पंखा चालतो. पण मोड मायक्रोवेव्हवर राहिला आणि टिन आत, हीच चूक सगळ्यात जास्त होते. आणि कन्व्हेक्शननंतर आतलं सगळं भट्टीसारखं तापलेलं असतं, त्यावर लगेच प्लास्टिकचा डबा ठेवला तर तो तिथेच बसतो.

आता पहिला मायक्रोवेव्ह कसा गेला ते. आतमध्ये उजव्या भिंतीवर पत्त्याएवढा एक राखाडी-तपकिरी पुठ्ठ्यासारखा तुकडा दिसेल (काही मॉडेलमध्ये वर असतो), तो पुठ्ठा नाही, मायका (अभ्रक) शीट आहे, लहरी त्यातून आत येतात. तो काढून टाकायचा नाही. त्यावर फोडणीचे, टोमॅटोचे शिंतोडे उडून सुकले की तेवढी जागा तापते, जळून काळी होते, मग तिथून ठिणग्या. आमचा असाच ठिणग्या मारायला लागला, दुरुस्तीवाला आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला मॅग्नेट्रॉन गेला, साडेतीन हजार. आम्ही म्हटलं जाऊ दे, जुना झालाय, दाराचंही तसं होतंच, भंगारात दिला. दोन वर्षांनी नवीन तसाच ठिणग्या मारू लागला तेव्हा कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडून दीडशे रुपयांची मायका शीट आणली, प्लग काढून, जुन्या शीटवर ठेवून पेन्सिलने आखून कात्रीने कापली आणि बसवली, आजतागायत चालतोय. पहिल्या वेळी नवीन घ्यायला घातलेले पैसे आठवले की अजून चिडचिड होते. पण एवढंच घरी करायचं. मागचं झाकण उघडायचं नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज बसून राहिलेला असू शकतो, त्याने माणूस मरतो. हे मात्र खरंच भीती वाटण्यासारखं आहे.

साफ करायला महागडं काही लागत नाही. वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, साल त्यातच टाकून आणि ती आइस्क्रीमची काडी घालून तीन मिनिटं लावायचं, मग पाच मिनिटं दार न उघडता तसंच ठेवायचं, वाफेने सगळं सुटतं, नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. काथ्या, तारेची घासणी नाही. दाराची कड आणि त्यासमोरची चौकट पुसायला लोक विसरतात, तिथेच तेलाचा थर बसतो. काचेची प्लेट काढून तिच्याखालची चाकांची रिंगही धुवा, प्लेट गडगड आवाज करत अडखळत असेल तर तिथे भाताचं शीत अडकलेलं असतं, शंभरातल्या नव्वद वेळा. दार वास जायला दहा मिनिटं उघडं ठेवा, रात्रभर नको, झुरळं शिरतात. बटणांच्या मागे उबेला जाऊन बसतात आणि पॅनल बिघडवतात. आत स्प्रे मारू नका, ओट्याच्या कोपऱ्यात झुरळांचं जेल लावा.

ठेवायचा कुठे तर मागे आणि वर हवा खेळेल असा, भिंतीला चिकटवून नाही. आणि वर क्रोशाचा रुमाल घालून त्यावर फुलदाणी, बरण्या ठेवायची आपली सवय, ती सोडा, झरोके झाकले गेले की मशीन तापून बंद पडतं. प्लग जाड पिनांचा १६ अँपिअरचा असतो, त्याला अर्थिंगवाला तसाच सॉकेट हवा, मिक्सरच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, कन्व्हेक्शन चालू असताना दोन हजार वॉटच्या पुढे खेचतो तो. रिकामा चालवायचा नाही. आणि आत कधी पापड, पॉपकॉर्न पेटलं तर दार उघडायचं नाही, स्टॉप दाबा, भिंतीवरचा स्विच बंद करा, हवा मिळाली नाही की विझतं. सुक्या लाल मिरच्या भाजायचा प्रयोग करू नका, आम्ही केला, घरातली सगळी माणसं खोकत जिन्यात.

आईंसाठी एक करा. आमच्या बाबांना बटणांची भाषा जमेना म्हणून मी दारावर नाही, बाजूच्या टाइलवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय: "भात एक वाटी, पाण्याचा शिंतोडा, झाकून १ मिनिट. आमटी दीड मिनिट, मध्ये एकदा काढून ढवळायची. पोळी फडक्यात, १५ सेकंद. पाणी: काडी टाकली का?" त्यातलं मध्ये ढवळायचं महत्त्वाचं, लहरी दोन-तीन सेंटीमीटरच आत जातात, मध्यभागी गारच राहतं. भात कालचा असेल तर वाफा येईपर्यंत तापवायला सांगा, आणि तो रात्री ओट्यावर राहिलेला नको, फ्रीजमधलाच. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही शेजारी उभे राहून त्यांच्याच हाताने बटण दाबून घ्या, बाबांना चौथ्या दिवशी चष्मा न लावता यायला लागलं होतं.