"सही तू कर, बाकी मी बघतो" म्हणणारा नवरा आणि नगरसेवकपदाची इच्छा

मावशींना विचारा

पत्र ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून आलंय, कासारवडवलीच्या पुढून. लिहिणारी 41 वर्षांची आहे, दोन मुली, एका मोठ्या सोसायटीची सेक्रेटरी. पत्र लांब होतं म्हणून थोडक्यात सांगते. सोसायटीतले सगळे म्हणतायत मॅडम तुम्ही नगरसेविका व्हाच, टँकर, सर्व्हिस रोड आणि रात्रीचे ट्रक ह्यांनी सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलाय, आणि हिलाही मनापासून उभं राहायचंय. सासूबाई म्हणतात आपल्या घरात हे धंदे नकोत. नवरा मात्र खूश आहे, म्हणतो "तू नुसती उभी राहा, सही तू कर, बाकी मी बघतो." शेवटी विचारते, मावशी, मी उभी राहू का, आणि नवरा इतका पाठिंबा देतोय तरी मला आनंद का होत नाहीये?

अगं, आनंद होत नाहीये कारण तुला बरोबर कळलंय. पाठिंबा असा नसतो, हे तुझं नाव वापरायला मागणं झालं. आपल्याकडे महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे ज्याला स्वतःला उभं राहायचं असतं पण सोडतीत जागा महिलेला जाते तो घरात बघतो कोण आहे, आणि मग पाच वर्षं बाई सभागृहात आणि साहेब गाडीत पुढच्या सीटवर, फोन साहेबांकडे, लोक पण साहेबांनाच नमस्कार घालतात. तुझा नवरा वाईट आहे असं मी म्हणत नाही हं, त्याला कदाचित खरंच वाटत असेल की तो मदत करतोय. पण एकदा जेवताना सरळ सांगून बघ, मी उभी राहिले तर फोन माझ्याकडे राहणार, प्रभाग समितीच्या मीटिंगला मी जाणार, महापालिकेतल्या माणसाशी मीच बोलणार आणि त्या दिवशी कुकर तू लावायचास. मग त्याचा चेहरा बघ. हसून हो म्हणाला तर नशीबवान आहेस, आणि "अगं तुला त्यातलं काय कळतं" असं आलं तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आता सोसायटीवाले. ह्यांच्यावर मात्र माझा काडीचा भरवसा नाही, स्वानुभव आहे. 2015 ला माझा मावसभाऊ नेरूळमधून अपक्ष उभा राहिला, तेव्हा नवी मुंबईत एका वॉर्डाला एकच नगरसेवक होता म्हणजे तुझ्यापेक्षा सोपं होतं. सोसायटीने हार घातले, ग्रुपवर रोज अंगठे, आणि मतदान आलं एप्रिलमध्ये, पोरांना सुट्ट्या, निम्मी सोसायटी गावाला. जे घरी होते ते संध्याकाळी म्हणाले अरे यार ऊन फार होतं. सोसायटीच्या बूथवर त्याला 61 मतं पडली, त्यातली घरचीच अकरा. आजही लिफ्टमध्ये लोक त्याला म्हणतात तुम्ही यायला हवे होतात!

आणि तुझ्याकडे तर पॅनल आहे. ठाण्यात 131 नगरसेवक, 33 प्रभाग, एक सोडला तर सगळे चार-चार जणांचे. 2011 च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या 18 लाखांच्या वर होती, त्या हिशोबाने सुद्धा एका प्रभागात 50 हजारांहून जास्त माणसं येतात आणि घोडबंदरला त्यानंतर किती टॉवर उभे राहिलेत ते तू रोज बघतेस. तुझी सोसायटी त्यात किती? गेटच्या बाहेर गावठाण आहे, पाडे आहेत, चाळी आहेत, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका राहतात ती वस्ती आहे. पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. रागावू नकोस, पण पूर्ण पत्रात "आमची सोसायटी" मी नऊ वेळा मोजलं.

तुझ्या तीन तक्रारींचं पण थोडं बघ. सर्व्हिस रोडची वाट लावणारं मेट्रो 4 चं काम एमएमआरडीएचं, म्हणजे राज्य सरकारच्या प्राधिकरणाचं आहे, ट्रक किती वाजता सोडायचे ते वाहतूक पोलीस ठरवतात, तिथे नगरसेविका म्हणून तू ओरडू शकशील, पत्र देऊ शकशील, बस. पाण्याचं म्हणशील तर नवी मुंबईकडे मोरबे धरण आहे, ठाण्याला स्वतःचं धरण नाही, पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चौघांकडून पाणी येतं. त्यामुळे "निवडून आले की टँकर बंद" असं कोणी म्हणायला लागलं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा, तो उमेदवार तू असलीस तरी. आलेलं पाणी कुठल्या लाइनीला किती वेळ सोडतात, गळती कुठे आहे, बजेटमध्ये पाइप कुठे टाकायचा, हे मात्र सभागृहात धरून लावता येतं. पैशाच्या खऱ्या चाव्या 16 जणांच्या स्थायी समितीत असतात हेही माहीत असू दे.

बाकी पात्रतेचं फार टेन्शन नाही. मतदार यादीत नाव हवं, मालमत्ता कर थकलेला नको, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं चालत नाही, तुला दोनच आहेत. फक्त पुढच्या वेळी आरक्षणाची सोडत परत निघेल आणि तुझ्या प्रभागातल्या चार जागा कशा पडतील ते आज कोणी सांगू शकत नाही. नवऱ्याचा सगळा प्लॅन त्या चिठ्ठीवर आहे. तुझा नसला पाहिजे.

मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? तू सहज लिहून गेलीस की टँकरवाला अर्धा खाली करून पूर्ण पावतीवर सही मागत होता, तर तू पहाटे साडेपाचला गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेलीस, शिडीने वर चढलीस, टाकीत वेताची काठी घालून ओली खूण दाखवलीस आणि पावतीवर "अर्धा" लिहायला लावलंस. सासूबाईंना हे धंदे वाटत असतील, मला हीच नगरसेविका वाटते.

तर उभी राहा, पण आत्ता घाई करू नको. मागची मुदत मार्च 2022 ला संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला, मधे जवळपास चार वर्षं प्रशासक, त्यामुळे पुढची तरी वेळेवर होईल ह्याची खात्री नाही पण तुझ्या हातात पुष्कळ वेळ आहे. मागच्या निकालाचे बूथवार आकडे मिळव, तुमच्या टॉवरमधून किती जण उतरले ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर ठेव आणि बघ कोण काय बोलतं. आणि ती काठी घेऊन गेटच्या बाहेर पड. तुझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या घरी जा, त्यांच्या नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती हंडे भरतात ते स्वतः उभी राहून बघ, महिनाभर वहीत लिही, नवऱ्याला बरोबर नेऊ नको.

पुढचं पत्र त्या वहीतून लिही. नवऱ्याने कुकर लावला की नाही तेही कळव.

– मावशी