नॉनप्रॉफिट हॉस्पिटलचं ४१ हजार डॉलरचं बिल: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाचं अमेरिकेतलं एमएस मे महिन्यात संपलं, विद्यापीठाचा विमा ऑगस्टमध्ये संपला आणि नोकरी लागायच्या आतच अपेंडिक्स फुटलं. मित्रांनी रात्री इमर्जन्सीत नेलं, ऑपरेशन झालं, पोरगं बरं होऊन खोलीवर परतलं. आणि आता ४१ हजार डॉलरचं बिल. हॉस्पिटल म्हणे 'नॉट-फॉर-प्रॉफिट'. तुम्ही विचारलंय, की धर्मादाय म्हणवणारे असे लुबाडतात कसे, आणि आता फ्लॅटवर कर्ज काढून पैसे पाठवावेत की मुलालाच परत बोलावून घ्यावं.

दोन्ही नको. आज तरी नकोच.

मी गेली १९ वर्षं अमेरिकेत हॉस्पिटलांच्या फायनान्शियल काउन्सेलिंगमध्ये आहे. बिल बघून ज्यांचे पाय लटपटतात ते ज्या टेबलापाशी येतात, त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसते. त्यामुळे हॉस्पिटलची बाजू घेतेय असं कुठे वाटलं तर सोडून द्या, पण जे सांगतेय ते रोजच्या कामातलं आहे.

आधी त्या शब्दाचा घोळ मिटवू. नॉनप्रॉफिट म्हणजे फुकट नव्हे, आणि स्वस्त तर अजिबात नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की या संस्थेला मालक नाही, भागधारक नाहीत, वर्षाअखेरीस शिल्लक उरली तर ती कुणाला वाटून घेता येत नाही. शिल्लक मात्र उरू शकते, आणि मोठ्या संस्थांमध्ये ती डोळे विस्फारावेत इतकी असते. नवीन इमारत, नवं एमआरआय, तोट्यातला प्रसूती विभाग चालू ठेवणं, अशा कामांत ती जावी अशी अपेक्षा असते. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त कम्युनिटी हॉस्पिटलांची (म्हणजे सर्वसामान्यांना खुल्या असलेल्या नेहमीच्या हॉस्पिटलांची) रचना हीच आहे. आयकर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली ती केंद्राच्या आयकरातून मुक्त असतात, आणि बहुतेक ठिकाणी मालमत्ता करातूनही. या करमाफीच्या बदल्यात ती समाजाला काय देतात, यावर इथे सत्तरेक वर्षं भांडण चालू आहे.

१९५६ मध्ये इथल्या आयकर खात्याचं म्हणणं होतं, की ऐपतीप्रमाणे गरिबांवर मोफत किंवा कमी पैशांत उपचार करा. १९६९ मध्ये ते सैल केलं आणि 'कम्युनिटी बेनिफिट' ही कल्पना आणली: इमर्जन्सी सगळ्यांना खुली हवी, कारभारी मंडळात परिसरातली माणसं हवीत, शिल्लक पैसा कामातच लावायला हवा. किती गरिबांना मोफत, याचा आकडा तेव्हाही ठरवला नाही आणि आजही केंद्राच्या कायद्यात तो नाही. ही मोकळीक काही संस्थांनी फारच मनावर घेतली. इलिनॉयमधल्या प्रोव्हेना कव्हेनंट हॉस्पिटलचा खटला आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. २००२ या एका वर्षात तिथे १ लाख १० हजारांवर रुग्णनोंदी झाल्या आणि धर्मादाय सवलत मिळाली ३०२ जणांना. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यांची मालमत्ता करमाफी नाकारली ती नाकारलीच.

त्याच वर्षी ओबामांच्या आरोग्य कायद्यातून ५०१(आर) हे कलम आलं. तुमच्या मुलाच्या कामाचं सगळं त्यात आहे. या कलमाखाली प्रत्येक नॉनप्रॉफिट हॉस्पिटलला लेखी 'फायनान्शियल असिस्टन्स पॉलिसी' ठेवावीच लागते. कुणाला पूर्ण माफी, कुणाला किती सवलत, अर्ज कसा करायचा, हे सगळं वेबसाइटवर, इमर्जन्सीच्या जागी आणि बिलावरही कळवावं लागतं. मुलाला म्हणावं, बिल उलटून बघ. मागच्या बाजूला किंवा अगदी तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी असतील. चाळीस हजारांचा आकडा मोठ्या ठळक टायपात आणि सवलतीची ओळ मुंगीएवढी, हे मात्र खरं.

निकष हॉस्पिटल स्वतः ठरवतं. बहुतेक जण केंद्राची दारिद्र्यरेषा धरून चालतात. २०२५ साली ती एकट्या माणसासाठी वर्षाला १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी ३२,१५० डॉलर होती (अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे). पुष्कळ ठिकाणी रेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत पूर्ण माफी असते, आणि तिप्पट-चौपटीपर्यंत उतरत्या क्रमाने सवलत. आता हिशोब करा: नुकता शिकून बाहेर पडलेला, नोकरी शोधणारा, कॅम्पसवरच्या तुटपुंज्या कामाशिवाय कमाई नसलेला मुलगा. तो कुठे बसतो हे सांगायला माझी गरज नाही.

आणि अर्धीच सवलत मिळाली तरी, जो या पॉलिसीत बसतो त्याच्याकडून इमर्जन्सी किंवा आवश्यक उपचारांसाठी विमा असलेल्या रुग्णांकडून साधारण जेवढं घेतलं जातं त्याहून जास्त घेता येत नाही. तुमच्या हातातला ४१ हजारांचा आकडा हा बहुधा छापील दरपत्रकाचा आहे. तो दर विमा कंपन्या सहसा देत नाहीत. विमा नसलेल्या माणसालाच तो पहिल्यांदा दाखवला जातो, हा या व्यवस्थेतला सगळ्यात विचित्र प्रकार. १९ वर्षांनंतरही मला तो कुणाला समजावून सांगताना ओशाळल्यासारखं होतं.

तारखा नीट लक्षात ठेवा. डिस्चार्जनंतर पहिलं बिल ज्या तारखेचं, तिथून मोजायचं. त्यापुढचे १२० दिवस हॉस्पिटलला कोर्टात खेचणं, पगारावर टाच आणणं, क्रेडिट ब्युरोला (लोकांची कर्जफेडीची पत नोंदवणाऱ्या कंपनीला) कळवणं असलं काही करता येत नाही, आणि नंतर करायचं तरी ३० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. अर्ज मात्र २४० दिवसांपर्यंत घ्यावाच लागतो. कलेक्शन एजन्सीचे, म्हणजे वसुलीवाल्यांचे, फोन सुरू झाले असले तरीसुद्धा. अर्ज आला की निर्णय होईपर्यंत ती कारवाई थांबवावी लागते. पण फोन करणारे एजन्सीवाले हे आपणहून सांगणार नाहीत.

अर्जाला काय लागतं? पगाराच्या स्लिपा, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंटं, भाडेकरार. नोकरी नसेल तर खर्च कोण चालवतंय याचं साधं पत्र. विद्यार्थ्यांची एक गडबड मी वारंवार बघते. ते आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) जोडतात, त्यात तुम्ही दाखवलेला शिक्षणाच्या खर्चाचा मोठा आकडा असतो, आणि समोरचा कारकून तो उत्पन्न समजून बसतो. ते मागितल्याशिवाय जोडू नका. आणि शैक्षणिक कर्जाचे पैसे खात्यात दिसत असतील तर 'हे कर्ज आहे, कमाई नाही' असं एका ओळीत लिहून सोबत मंजुरीपत्र लावा. काही ठिकाणी आधी मेडिकेडला अर्ज करायला सांगतात. तो कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विम्याचा कार्यक्रम आहे. व्हिसावर असलेल्या मुलाने तिथे सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारावं. हॉस्पिटलची स्वतःची सवलत ही सरकारी मदत नव्हे, हा फरक मुलाला नीट समजावा.

दुसरी गोम. एका ऑपरेशनची बिलं चार-पाच ठिकाणांहून येतात. हॉस्पिटलचं वेगळं, सर्जनचं वेगळं, भूल देणाऱ्याचं, रेडिओलॉजीचं, पॅथॉलॉजीचं, अँब्युलन्सचं वेगळं. हॉस्पिटलने माफी दिली म्हणजे बाकीच्यांनी दिली असं नाही. त्या पॉलिसीसोबत कोणते डॉक्टर तिच्यात येतात आणि कोणते नाहीत याची यादी ठेवावी लागते. ती मागून घ्यायची. जे बाहेर आहेत त्यांना हॉस्पिटलचं मंजुरीपत्र पाठवून स्वतंत्र विनंती करायची. पुष्कळ जण मानतात, काही मानत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्रेडिट कार्डावर एक डॉलरही भरू नका. 'आज भरलं तर वीस टक्के सूट' अशी गोड ऑफर येईल. कार्डावर गेलं की ते हॉस्पिटलचं देणं राहत नाही, बँकेचं होतं, व्याजासकट. माफी नंतर मंजूर झाली तर जास्तीचे पैसे हॉस्पिटलला परत करावे लागतात, पण बँकेने लावलेलं व्याज कोण परत देणार? अर्ज करतानाच तपशीलवार बिलही मागा, ओळीओळीचं. एकच औषध बिलात दोनदा लावलेलं मी इतक्यांदा पाहिलंय, की आता नवल वाटत नाही.

मुलाला परत बोलावण्याबद्दल. इथे वैद्यकीय देणं ही दिवाणी बाब आहे, गुन्हा नाही. त्यासाठी कुणी विमानतळावर अडवत नाही. तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्युरोंनी २०२२ पासून वैद्यकीय थकबाकी वर्षभर नोंदवायची नाही असं ठरवलंय, आणि २०२३ पासून ५०० डॉलरच्या आतली नोंदवतच नाहीत. एवढी मुदत हातात असताना पोराचं करिअर मोडून पळून येण्यासारखं यात काहीच नाही.

आता जरा मनातलं बोलते. आपल्या लोकांचं अडतं ते अर्जाच्या नावापाशी. 'चॅरिटी' हा शब्द आला की बाप फोनवरून म्हणतो, आम्ही खाऊनपिऊन सुखी माणसं, भीक नाही मागणार. एक गृहस्थ माझ्यासमोर अर्ज घडी करून खिशात घालून निघून गेले आणि पुढे तीन वर्षं हप्ते भरत राहिले. मला त्यांचा राग आला नव्हता, पण फार वाईट वाटलं होतं. या संस्थांचा इतिहास बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर गावी १८५६ मध्ये मदर जोसेफ चार सिस्टर्सना (ख्रिस्ती जोगिणींना) घेऊन उतरल्या, आणि दोन वर्षांत त्यांनी हॉस्पिटल उघडलं. त्यासाठी आणि पुढच्या कामांसाठी या बायका घोड्यावर बसून खाणकामगारांच्या छावण्यांत जात आणि उघड उघड भीक मागत. आजची 'प्रोव्हिडन्स' ही हॉस्पिटलांची अवाढव्य संस्था त्यांच्याच कामातून उभी राहिली. मिनेसोटात १८८३ च्या चक्रीवादळानंतर फ्रान्सिस्कन सिस्टर्सनी निधी जमवून १८८९ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटल उघडलं, आणि मेयो या डॉक्टर पितापुत्रांचं नाव तिथून झालं. हॉस्पिटलं मागून उभी राहिली, आणि आपण करमाफीच्या बदल्यात ठरलेला अर्ज भरायला लाजतो.

हॉस्पिटलंही काही साधुसंत नाहीत. मी आधी जिथे होते तिथे हे अर्ज माझ्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असत आणि 'विचारलं तरच द्या' असा तोंडी हुकूम होता. मी वर्षभरात ती नोकरी सोडली. उलट आत्ताच्या ठिकाणी इमर्जन्सीतून विमा नसलेला माणूस डिस्चार्ज झाला की दुसऱ्या दिवशी आम्हीच फोन करतो. म्हणजे पाटी तीच असली तरी आतला कारभार माणसागणिक बदलतो. तुमच्या हॉस्पिटलचा कारभार बघायचा असेल तर त्यांचा 'फॉर्म ९९०' (आयकर खात्याला द्यायचं वार्षिक विवरण) आणि त्यासोबतचं हॉस्पिटलांसाठीचं 'शेड्यूल एच' इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. मोफत उपचारांवर खरा खर्च किती, बुडीत खात्यात किती, आणि हो, सीईओचा पगार किती. भांडायची वेळ आली तर हे कागद उपयोगी पडतात, पण आधी भांडू नका. टेबलापलीकडची बाई बहुधा तुमच्याच बाजूची असते.

दर तीन वर्षांनी या संस्थांना परिसराच्या आरोग्याची पाहणीही करावी लागते. आमच्या एका बैठकीत सगळे डॉक्टर मधुमेह-मधुमेह करत होते, आणि लोक म्हणाले, दात. दाताच्या डॉक्टरचे पैसे नाहीत म्हणून सुजलेला गाल घेऊन माणसं इमर्जन्सीत येतात, गोळ्या घेऊन जातात, महिन्याने परत येतात. तेव्हा दातांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी सुरू झाली. 'समाजसेवा' हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा पटला. असो, विषय सोडून गेले.

एक राहिलं. मुलाचं इंग्रजी चांगलं असेल, पण तुम्ही स्वतः फोनवर बोलणार असाल तर दुभाषा मागा, मराठी म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीचा जोडून देतात. हॉस्पिटलने ही सोय विनामूल्य द्यायची असते. दुभाषा फोनवरच असतो, थोडं थांबावं लागेल. मुलाने मात्र आपल्या परवानगीची सही तिथे दिलेली हवी, नाहीतर वडील असलात तरी तुमच्याशी ते त्याच्या बिलाबद्दल बोलणार नाहीत.

आज एवढंच करा: पहिल्या बिलावरची तारीख आणि राज्याचं नाव इथे लिहा. मुलाचं नाव, खाते क्रमांक काही नको. काही राज्यांचे नियम केंद्राहून उदार आहेत, ते बघून आणि २४० पैकी किती दिवस उरलेत ते मोजून रात्री कळवते.