१०० लिंकचे यूएसडीटी करायचेत, पण वॉलेट म्हणतं गॅस नाही

आधी ते टेलिग्राम बंद कर, मग पुढचं वाच. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहेस असं तूच लिहिलंयस, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न मला समजला तो असा. दोन वर्षांपूर्वी क्रिप्टो एक्स्चेंजवरून १०० चेनलिंक (लिंक नावाचं टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणं) स्वतःच्या मेटामास्क वॉलेटमध्ये आणलेस, इथेरियमच्या मुख्य नेटवर्कवर. आता भाव बरा वाटतोय, भावाचं लग्न डिसेंबरात आहे, तोवर पडझड नको म्हणून यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन, करून ठेवायचेत. स्वॅप (अदलाबदल) दाबलं की गॅसला, म्हणजे नेटवर्कच्या फीला, पुरेसं ईथर (इथेरियमचं स्वतःचं नाणं) नाही असं येतं. आणि टेलिग्रामवर कुणी 'सपोर्ट'वाला म्हणतोय की वॉलेट 'सिंक' झालेलं नाही, या पानावर वॉलेटचे बारा गुप्त शब्द टाक.

वॉलेट सिंक करणं, व्हॅलिडेट करणं असं काही नसतंच बे. ते बारा शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांच्यापासून तुझी खासगी किल्ली तयार होते. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. 'पासबुक घेऊन या, सही जुळवून बघू' म्हणणारा शाखाधिकारी तिथे कुणी नाही. अजून टाकले नाहीस म्हणतोस, छान. टाकले असते तर तू गॅससाठी पाठवलेलं ईथर वॉलेटमध्ये पडताक्षणी त्यांचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) उचलून नेत राहिला असता आणि लिंकही गेले असते. असे दोघे मी पाहिलेत.

शब्द कागदावर लिहून ठेव, फोटो काढू नकोस. आणि जागा नीट निवड. मी माझा कागद कपाटात नव्या चादरीच्या घडीत ठेवला होता, सुरक्षित म्हणून. आमच्याकडे सोलापुरात पाहुणा निघाला की हातात चादर दिल्याशिवाय आई सोडत नाही. माझे चोवीस शब्द (माझ्या वॉलेटचे तेवढे आहेत) असे लातूरला जाऊन आले. आत्याबाईंनी घडी उघडली नव्हती, म्हणून वाचलो. आता स्टीलच्या डब्यात, कुलुपात.

आता गॅस. जकात होती तेव्हाचा नाका घरातल्या मोठ्यांना विचार. ट्रकभर टॉवेल असले तरी नाक्यावर जकात रोखच भरावी लागायची, 'दोन डझन टॉवेल ठेवून घ्या' चालायचं नाही. इथेरियमवर ती रोख म्हणजे ईथर. तुझ्याकडे लाखाचे लिंक असोत, हलवायचे तर ईथर लागणार. काही वॉलेट आता काही टोकनांच्या अदलाबदलीत गॅस त्या टोकनातूनच कापून घेतात. तुझ्या पडद्यावर तशी सोय दिसली तर आनंद आहे, पण तिच्या भरवशावर बसू नकोस.

किती लागेल ते काढू. तुझं काम दोन टप्प्यांत होतं. आधी परवानगी, म्हणजे अप्रूव्हल: स्वॅप करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला (नेटवर्कवर चालणाऱ्या प्रोग्रामला) तुझ्या लिंकना हात लावू देणं. मग प्रत्यक्ष स्वॅप. परवानगीला साधारण ५० हजार एककं गॅस जातो. स्वॅपला दीड-दोन लाख, कधी जास्तही, कारण लिंकचा मोठा साठा, म्हणजे पूल, ईथरच्या जोडीने असतो आणि मार्ग बहुतेक वेळा लिंक ते ईथर, ईथर ते यूएसडीटी असा दोन उड्यांचा पडतो. एकूण अडीच लाख धर. गॅसचा भाव एककाला १० ग्वेई (ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग) असेल तर ०.००२५ ईथर. समजा ईथर अडीच लाख रुपयांना आहे, तर सव्वासहाशे रुपये. तोच भाव १ ग्वेई असेल तर बासष्ट-त्रेसष्ट रुपये. म्हणून घाई नसेल तर रविवारी सकाळी कर. आपली सकाळ म्हणजे अमेरिकेची रात्र, गर्दी कमी असते.

ईथर आणायचं एफआययूकडे (केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवरून. मार्च २०२३ पासून त्यांना मनी लाँडरिंग कायद्याचे नियम लागू आहेत, केवायसी झालेलं असतं, उद्या कुणी विचारलं तर कागद दाखवता येतो. थोडं जास्तच घे, ०.०१ ईथर. काढताना नेटवर्क इथेरियमच निवड. आर्बिट्रम हे वेगळं नेटवर्क स्वस्त दिसतं म्हणून त्यावर पाठवलंस तर ईथर येईल तुझ्याच पत्त्यावर, पण दुसऱ्या साखळीवर, आणि तुझे लिंक इकडे तसेच गॅसविना.

जास्त घे का म्हणतो, तर २०२१ मध्ये मी उलटी चूक केली होती. बाजार घसरायला लागला, घाबरून वॉलेटमधलं जवळजवळ सगळं ईथर यूएसडीटीत घातलं. आकडा बघून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते यूएसडीटी हलवायला गेलो तर गॅसला दमडी नाही. त्या दिवसांत एक स्वॅप हजारो रुपये खायचा. स्वतःचेच पैसे काचेच्या बरणीतल्या शेंगाचटणीसारखे समोर, आणि झाकण निघेना.

स्वॅपच्या आधी एक विचारतो. तुला शेवटी रुपये हवेत ना? मग मध्ये यूएसडीटी कशाला? आपल्या आयकरात एका क्रिप्टोची दुसऱ्याशी अदलाबदल म्हणजे विक्रीच. बँकेत पैसे आले तेव्हा नव्हे, स्वॅप झाला त्या क्षणी कर लागू. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस. तू ६० हजाराला घेतलेले लिंक स्वॅपच्या दिवशी १ लाख ४० हजारांचे असतील तर नफा ८० हजार, कर २४ हजार, सेस ९६०. तुझं दुसरं उत्पन्न शून्य असलं तरी मूळ सूट मर्यादा इथे चालत नाही. गॅसचा खर्च वजा होत नाही, फक्त खरेदीची किंमत होते. दुसऱ्या कॉइनमध्ये तोटा झाला असेल तर तोही यात वळता होत नाही. पुढे त्या यूएसडीटीचे रुपये केलेस की ती दुसरी विक्री, भारतीय एक्स्चेंजवर पुन्हा १ टक्का टीडीएस. टीडीएस रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. वॉलेटमधल्या स्वॅपला समोर माणूसच नसतो, तिथे टीडीएसचं काय करायचं ते तुझ्या सीएला विचार. मी सीए नाही.

म्हणून माझं मत: लग्नाला लागणारा भाग थेट एक्स्चेंजवर लिंक म्हणून पाठव आणि रुपयांत विक. पुढे भाव पडला की पुन्हा घ्यायचंय एवढाच भाग यूएसडीटी कर.

तो भाग करताना पडद्यावर काय दिसेल ते सांगतो, कारण लोक फसतात ते इथे. मेटामास्कमधला स्वॅप सोपा आहे, पण तो ०.८७५ टक्के स्वतःची फी घेतो. लाखाला ८७५ रुपये. युनिस्वॅप या अदलाबदलीच्या पानावर थेट जाऊन केलं तर पूलची फी भरावी लागते, पण पत्ता स्वतः टाईप करून जा. गुगलवर सगळ्यात वर दिसणारी जाहिरात हे चोरांचं आवडतं ठिकाण आहे.

पहिली खिडकी येते परवानगीची. तिथे 'स्पेंडिंग कॅप' अशी ओळ असते, म्हणजे या कॉन्ट्रॅक्टने तुझे जास्तीत जास्त किती लिंक उचलायचे. बऱ्याचदा तिथे आधीच अमर्याद असं भरलेलं असतं. ते बदल. ४० लिंक स्वॅप करणार असशील तर ४० लिही. अमर्याद ठेवणं म्हणजे वाण्याला कोऱ्या चेकवर सही करून देणं. वाणी आज भला आहे, उद्या त्याच्या गल्ल्यातून चेकबुक चोरीला गेलं तर? युनिस्वॅपवर यानंतर अजून एक सही मागतात, तिला गॅस लागत नाही. तीही परवानगीच आहे. गॅस लागला नाही म्हणून सही निरुपद्रवी असं समजू नकोस. फसव्या पानांवर नेमकी तीच घेतात आणि वॉलेट रिकामं होतं.

मग स्वॅपची खिडकी. समोरचा यूएसडीटी खरा आहे ना ते नावावरून नव्हे, कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावरून तपास. यूएसडीटी काढणाऱ्या टेदर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो दिलेला असतो. यूएसडीटी नावाचं टोकन कुणीही दहा मिनिटांत काढू शकतो. स्लिपेज, म्हणजे दाखवलेल्या भावापेक्षा किती घसरण चालेल, ते ०.५ टक्क्यावर ठेव. तिथे ५ टक्के लिहिलेस तर मध्ये बसलेले बॉट तुझ्या पुढे खरेदी आणि मागे विक्री करून तो फरक खातात. आणि 'किमान मिळणारे' ही ओळ वाचल्याशिवाय होकार देऊ नकोस. ४० लिंक या बाजारात थेंबासारखे आहेत, भावावर परिणाम जवळजवळ शून्य दिसायला हवा. तीन-चार टक्के दाखवत असेल तर काहीतरी चुकीचं निवडलंयस, थांब.

पहिल्यांदा ४० नको, ५ लिंक करून बघ. एक गॅस जास्त जाईल, जाऊ दे.

यूएसडीटी की यूएसडीसी, हेही विचारलंयस. दोन्ही डॉलरला बांधलेली टोकनं, म्हणजे स्टेबलकॉइन; यूएसडीटी टेदरचा, यूएसडीसी सर्कल कंपनीचा. दोघेही एका टोकनामागे एक डॉलरची मालमत्ता ठेवल्याचं सांगतात, आणि दोघेही कुठलाही पत्ता गोठवू शकतात. वॉलेट स्वतःचं असलं तरी स्टेबलकॉइनवर तेवढा हात त्यांचा राहतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, सर्कलचे ३३० कोटी डॉलर तिथे होते, तर यूएसडीसी दोन दिवस ८७-८८ सेंटपर्यंत खाली आला आणि ठेवी सुरक्षित जाहीर झाल्यावर सावरला. टेरायूएसडी हा तिसरा स्टेबलकॉइन मे २०२२ मध्ये पडला तो सावरलाच नाही. त्याच्यामागे डॉलर नव्हते, जुळं नाणं छापून भाव राखायची कसरत होती. डिसेंबरपर्यंतसाठी पहिल्या दोघांत मी फार फरक करणार नाही. आपल्या एक्स्चेंजवर यूएसडीटीला गिऱ्हाईक जास्त, म्हणून तोच.

आता शेवटची वाट, जिथे मला खरी भीती वाटते. कुणीतरी सांगेल की एक्स्चेंज सोड, टीडीएस कापतो, सात रस्ता चौकात एक जण यूएसडीटी घेतो, दोन रुपये जास्त देतो, पैसे लगेच यूपीआयने. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मित्राचे माग आहेत, टॉवेलचे. त्याने असे यूएसडीटी विकले. पैसे आले, तीन आठवडे काही नाही. मग एका शुक्रवारी बँकेने सांगितलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलंय. त्याला आलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे होते. त्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग काढत साखळी याच्यापर्यंत आली. शनिवारी कामगारांचा पगार. सासऱ्यांकडून उसने आणून वाटला. खातं सुटायला चार महिने गेले, आणि चूक काय तर दोन रुपयांचा मोह. एक्स्चेंजवर विकलं तर पैसा त्यांच्या खात्यातून येतो, त्याचा हिशेब असतो.

एक्स्चेंजवर पाठवताना ते यूएसडीटी कुठल्या नेटवर्कवर घेतात ते आधी बघ. ट्रॉन नेटवर्कचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो, तिथे वॉलेटच अडवतं. पण इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन या सगळ्यांचे पत्ते दिसायला सारखेच, तिथे चूक पटकन होते. आणि पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नकोस. पहिली-शेवटची चार अक्षरं जुळणारे पत्ते बनवून, त्यांवरून शून्य रकमेचे व्यवहार तुझ्या यादीत पेरून ठेवतात. एक्स्चेंजच्या पानावरून नव्याने कॉपी कर आणि मधली अक्षरंही वाच.

झालं की दोन कामं उरतात. इथरस्कॅनवर (इथेरियमचे व्यवहार दाखवणारं संकेतस्थळ) टोकन अप्रूव्हल तपासायची सोय आहे, तिथे जाऊन जुन्या परवानग्या रद्द कर; त्यालाही गॅस लागतो, म्हणून ते जास्तीचं ईथर. आणि वहीत लिही: तारीख, वेळ, किती लिंक दिले, किती यूएसडीटी मिळाले, त्या वेळचा रुपयांतला भाव, व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक). रिटर्नमध्ये शेड्यूल व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोचा तक्ता, भरताना हे सगळं विचारतात, आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या खरेदीची पावती एक्स्चेंजवरून आजच उतरवून ठेव.

अडकलास तर इथेच लिही, सगळ्यांसमोर. यानंतर तुला व्यक्तिगत निरोप येतील, माझ्या नावाने सुद्धा. मी कुणाला व्यक्तिगत निरोप पाठवत नाही.