रूट कॅनाल करताना दाढेच्या मुळाला भोक पडलं. डॉक्टर ‘एमटीए’ भरू म्हणतात. त्यापेक्षा दाढ काढलेली बरी का?

काढायची घाई करू नका. भोक लहान असेल आणि लगेच बुजवलं, तर अशी दाढ बहुतेक वेळा वाचते. मी रोज रूट कॅनालचंच काम करतो, म्हणून सांगतो. एमटीए हे भोक बुजवायचं दातांचं सिमेंट, बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटच्याच जातीचं, पण शुद्ध केलेलं. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. 1993 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी ते पुढे आणलं. त्याआधी अशा भोकात अमाल्गम (चांदी-पाऱ्याचं फिलिंग) वगैरे भरत आणि कडेने गळती व्हायची. एमटीएला उलट ओल हवीच, त्याशिवाय ते घट्ट होत नाही. शिवाय त्याच्या कडेला हाड पुन्हा धरू शकतं, खरा फायदा हाच. कटकट एवढीच की ते ओल्या वाळूसारखं भुसभुशीत असतं आणि घट्ट व्हायला साधारण 2 तास 45 मिनिटं घेतं. म्हणूनच आत ओला कापूस ठेवून, कच्चं फिलिंग करून पुन्हा बोलावतात. बायोडेंटीन हे याच कामाचं दुसरं सिमेंट 12 मिनिटांच्या आसपास घट्ट होतं आणि एमटीएसारखी काळपट झाक सहसा आणत नाही, त्यामुळे समोरच्या दाताला मी तेच वापरेन. दाढेला दोन्ही चालतात.

मात्र भोक हिरडीच्या अगदी कडेला असेल, किंवा पडून महिने होऊन तिथे पू धरला असेल, तर भरवसा देता येत नाही. भोक नेमकं कुठे आणि केवढं आहे, हे डॉक्टरांना एक्स-रे समोर ठेवून विचारा.