वाचक विचारतात : वक्तृत्व स्पर्धा, गुण आणि घंटा

प्रश्न : आमचं तरुण मंडळ गणेशोत्सवात खुली वक्तृत्व स्पर्धा घेतं. गेल्या खेपेला तीनपैकी दोन परीक्षकांनी ज्याला तिसरा ठेवला होता, तोच पहिला आला आणि वाद झाला. परीक्षक निवडताना आमचं चुकलं का?
– मंडळाचे सचिव, ता. तासगाव

उत्तर : परीक्षक बदलून हा वाद मिटणार नाही, बेरजेची पद्धत बदला. समजा, पहिल्या परीक्षकानं अ, ब, क यांना ७२, ७०, ६८ दिले. दुसऱ्यानं ७१, ६९, ६८. तिसऱ्यानं ५५, ६०, ८५. बेरीज होते अ १९८, ब १९९, क २२१. दोघांच्या लेखी शेवटचा असलेला क पहिला! तिसऱ्यानं लबाडी केली असं नाही. त्याचा हात सैल आहे, तो ५५ ते ८५ मध्ये गुण पसरतो. बाकीचे चार गुणांत सगळं बसवतात. नुसती बेरीज केली की ज्याचे गुण जास्त पसरलेले, निकाल त्याच्याच हातात जातो.

यावर उपाय क्रमांकांचा. प्रत्येक परीक्षकाच्या तक्त्यातल्या गुणांवरून १, २, ३ असे क्रमांक लावा आणि त्या क्रमांकांची बेरीज करा. वरच्या उदाहरणात अ ५, ब ६, क ७. सर्वांत कमी बेरीज पहिली. एकाच परीक्षकाकडे दोघांचे गुण सारखे असतील तर दोघांना मधला क्रमांक, म्हणजे २ आणि ३ ऐवजी अडीच-अडीच. अंतिम बेरीजच बरोबरीत सुटली तर मूळ गुण पाहा. हा नियम स्पर्धेआधी वाचून दाखवा, निकालानंतर सांगितलेला नियम कुणी मानत नाही.

वेळेचे गुण परीक्षकांकडे ठेवूच नका. सात मिनिटांच्या भाषणाला सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दोन. साडेसातनंतर दर अर्ध्या मिनिटाला दोन गुण वजा. ही नोंद वेळाधिकाऱ्याची, आणि वजाबाकी क्रमांक लावण्याआधी प्रत्येक तक्त्यात व्हायला हवी. क्रमांक लागल्यावर वजाबाकी करायला जाल तर घोळ ठरलेला.

पहिल्या स्पर्धकाला परीक्षक हात राखून गुण देतात, कारण तुलनेला समोर कुणी नसतं. म्हणून स्पर्धेबाहेरच्या कुणाचं तरी तीन मिनिटांचं भाषण आधी ठेवा. परीक्षकांनी त्याला गुण द्यावेत, आपसात ताडून पाहावेत आणि ते कागद फाडून टाकावेत.

स्पर्धक २४ असतील तर बोलण्याचीच १६८ मिनिटं, वर ये-जा आणि नाव पुकारण्यात दीड-दीड मिनिट. म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. सहाला सुरुवात केली तर साडेनऊ वाजतात. सवलतीचे दिवस सोडले तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा पाहुण्यांचे सत्कार किती ठेवायचे ते तुम्हीच बघा.

प्रश्न : विषय कसे द्यावेत? सगळी भाषणं एकसारखी होतात.
– एक वाचक, वाळवा

उत्तर : ‘क्रांतिसिंह नाना पाटील’ एवढाच विषय दिला की प्रत्येक जण जन्मगावापासून चरित्र सांगतो. विषयात प्रश्न हवा. १९४३ पासून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांना समांतर असं प्रतिसरकार चाललं. आजचे तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके त्यातच होते, आणि गावातले तंटे त्याची न्यायदान मंडळं मिटवत. मग विषय असा द्या : ‘प्रतिसरकारच्या न्यायदानातून आजच्या ग्रामसभेनं काय घ्यावं?’ इथं चरित्र पाठ करून भागत नाही, बाजू घ्यावी लागते.

प्रश्न : भाषण मध्येच विसरते. पाठ तर पक्कं असतं.
– कॉलेज विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : अडचण पक्क्या पाठांतराचीच आहे. साखळीची एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं तेवढी शब्दशः पाठ करा. मधले मुद्दे चार-पाच शब्दांत लक्षात ठेवा आणि दर वेळी नव्या वाक्यांत बोलून सराव करा. मंचावर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात, म्हणून सात मिनिटांसाठी ६५० शब्दांच्या पुढं जाऊ नका. अडखळलात तर माफी मागू नका. शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, तेवढ्यात पुढचा मुद्दा सापडतो. माईक तोंडापासून चार-पाच बोटांवर धरा. तो शिट्टी मारायला लागला तर मंडपवाल्याला सांगून स्पीकर तुमच्या पाठीमागून काढून पुढं, श्रोत्यांच्या बाजूला लावून घ्या.