थ्रॉटल दिला की नाक वर, ओढ डावीकडे

प्रश्न: माझं हाय विंग (पंख धडाच्या वर असलेलं) रेडिओ-कंट्रोल विमान अर्ध्या थ्रॉटलवर सरळ उडतं. पूर्ण थ्रॉटल दिला की नाक उचलतं आणि डावीकडे ओढतं. रडरला (उभ्या शेपटीच्या हलत्या भागाला) उजवा ट्रिम, म्हणजे कायमचा थोडा कल, दिला, तर थ्रॉटल बंद केल्यावर उजवीकडे वळायला लागलं. मोटर किती अंश झुकवू?

उत्तर: आकडा सांगतो, पण मोटर झुकवायला वॉशर हातात घेण्याआधी नाक नेमकं केव्हा उचललं जातं ते बघा. थ्रॉटल देताक्षणी उचललं, तर डाउन थ्रस्ट, म्हणजे मोटरचा खालच्या दिशेचा कल, कमी आहे. दोन-तीन सेकंदांनी, वेग वाढत गेल्यावर हळूहळू उचललं, तर दोष मोटरच्या कोनाचा नसतो. माझ्या एका विमानात मी वॉशर वाढवत वाढवत 5 अंशांपर्यंत गेलो, तरी नाक वरच. बॅटरी फार पुढे बसली होती. जड नाक सावरायला मी एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग) वर ट्रिम केला होता, आणि वेग वाढला की तोच ट्रिम नाक उचलत होता. बॅटरी दीड सेंटिमीटर मागे सरकवली, ट्रिम काढला आणि निम्मे वॉशर परत डबीत गेले. तेव्हा सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) आधी तपासा.

डावीकडच्या ओढीचं मात्र तुम्ही स्वतःच निदान केलंय. मागून पाहिल्यावर प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची वळसे घेत मागे जाणारी हवा उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे जातं. थ्रॉटल बंद झाला की ही ओढ संपते, ट्रिम मात्र तसाच राहतो. म्हणून रडरचा ट्रिम काढा आणि मोटर उजवीकडे वळवा.

सुरुवात 2 अंश उजवीकडे आणि 2 अंश खाली अशी करा. मोटर फायरवॉलच्या (ती जिच्यावर बसते त्या नाकातल्या उभ्या पाटीच्या) पुढे असेल, तर उजवीकडे वळवायला डाव्या स्क्रूंखाली वॉशर घालायचे, खाली झुकवायला वरच्या स्क्रूंखाली. स्क्रूंमधलं अंतर 25 मिमी असेल, तर 1 मिमीचा वॉशर सुमारे 2.3 अंश देतो. स्क्रूही वॉशरच्या जाडीइतके जास्त लांब घ्या, नाहीतर आटे पुरेसे धरत नाहीत आणि मोटर हवेत सुटू शकते. याबाबत मी फार काटेकोर आहे.

मोजायला कोनमापक नको. बॅटरी काढा, प्रॉपेलर आडवा धरा आणि पात्याच्या टोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोऱ्याने अंतर घ्या. मग तेच पातं दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा मोजा. दोन वेगळी पाती मोजू नका, ती क्वचितच तंतोतंत सारखी असतात. 10 इंची प्रॉपेलरला 2 अंशांवर डावीकडचं अंतर उजवीकडच्यापेक्षा जवळपास 9 मिमी जास्त यायला हवं.

मग वारा नसलेल्या सकाळी, पुरेशा उंचीवर पूर्ण थ्रॉटल देऊन विमान जमेल तेवढं सरळ वर चढवा. अजून डावीकडे कललं तर अर्ध्या मिमीचा वॉशर वाढवा, उजवीकडे कललं तर तेवढाच काढा.